बोलणं बंद

आमच्या नर्सिंग शाळेतली सगळ्यात समजदार पेशंट म्हणजे मालनबाई. कितीही सुया टोचा, नाकातून नळी घाला, दिवसातून चारदा अंग पुसा, बाई हूं की चूं करत नाही. करणार कशी? प्लास्टिकची आहे. माणसाएवढी बाहुली, डेमो रूममधल्या लोखंडी कॉटवर निजवलेली. नव्या पोरींनी खऱ्या माणसाला हात लावायच्या आधी हिच्यावर शिकायचं. मालनबाई हे नाव कुठल्या तरी जुन्या बॅचनं ठेवलं आणि तेच चालत आलं. डावा हात खांद्यातून निखळलेला, तो चिकटपट्टीनं जागेवर धरून ठेवलेला. नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी दुपारचा डबा हिच्याशेजारी बसून खाल्ला. स्टाफरूममध्ये कूलर होता, बाकीच्या जणी तिथं एकमेकींच्या भाज्या चाखत जेवायच्या. मी आपली मालनबाईपाशी.

का, ते सांगते. दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या सेवेचे अनुभव लिहा. सणासुदीला लोकांना चांगलं काहीतरी वाचायला मिळू द्या." सेवा, त्याग, पांढरे कपडे, हातात दिवा घेतलेली बाई, असलं काहीतरी त्यांच्या मनात असणार. ते लिहिणारे लय आहेत. मी जालन्यात पोरींना नर्सिंग शिकवलं, तर शिकवता शिकवता आम्ही त्या पोरींशी कसं वागायचो ते लिहिते. गोड लागलं नाही तर घरात करंज्या असतीलच.

आधी जरा कामाचं सांगते. नर्सिंगची पोरगी सकाळी वॉर्डात शिकते आणि दुपारी वर्गात. वॉर्डात तिच्या पाठीशी ट्यूटर उभी असते. ट्यूटर म्हणजे शिकवणारी नर्स, मी तीच. पोरगी पेशंटकडं बघते, ट्यूटर पोरीकडं बघते. यात गरीब स्वभावाच्या पेशंटची मात्र खैर नसते, कारण प्रत्येकीला शिकायला तसाच पेशंट हवा असतो. अंबडकडच्या एका आजोबांना एकाच सकाळी दोन पोरींनी कॉटवरच आंघोळ घातली होती. तिसरी बादली घेऊन आली तसे आजोबा उठून बसले.

"का गं बाई, आज लगीन हाये का काय माझं? हळदच तेवढी ऱ्हायली मंग!"

सगळा वॉर्ड हसला. बादलीवाली पोरगी मात्र हसली नाही. तिनं आधी मान वळवून ट्यूटरकडं पाहिलं, हसू का नको ते विचारायला. एकोणीस-वीस वर्षांची पोरगी हसायलाही परवानगी मागते, हे मला फार लागायचं.

पण तिचंही बराबर होतं. आमच्यात रीतच होती की पोरीची चूक झाली की पेशंटसमोरच झाडायचं. "हिला साधी शीर सापडंना, ही काय नर्स होणार?" एवढं ट्यूटर बोलली की पेशंट हात मागं ओढून घ्यायचा, म्हणायचा, "बाई, दुसरी पाठवा." आता त्या पोरीनं त्या हाताला परत हात कसा लावायचा सांगा. मी स्टाफरूममध्ये बोलून पाहिलं की ओरडायचं ते बाहेर नेऊन ओरडा. तर उत्तर ठरलेलं, "आम्ही नाही का सोसलं?" अहो, सासूनं सोसलं म्हणून सुनेला छळायचं, तर हे थांबायचं कुठं? पण असं विचारणारी बाई कुणाला आवडत नसते.

या सगळ्यावर कडी म्हणजे 'बोलणं बंद'.

ही शिक्षा आमच्या प्रिन्सिपल मॅडमची. आम्ही त्यांना मोठ्या मॅडम म्हणायचो. त्यांच्याबद्दल वाईटच सांगितलं तर ते खोटं होईल. तान्ह्या लेकराची शीर त्या नुसत्या बोटानं चाचपून शोधायच्या, सुई एकदाच आत जायची आणि लेकरू रडायच्या आत काम झालेलं असायचं. डॉक्टर लोक त्यांना बोलावून न्यायचे. असा हात मी दुसरा पाहिला नाही. पण शिस्त म्हटली की बाईच्या अंगात यायचं. एखादी पोरगी उलटं बोलली, नियम मोडला, की बॅचमधल्या कुणीच तिच्याशी बोलायचं नाही. जेवताना नाही, हॉस्टेलात नाही, वॉर्डात नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधूनही तिला काढायचं. जी बोलेल तिचंही बोलणं बंद. पोरगी माफी मागेपर्यंत हे चालायचं. बहुतेकींचं त्याच दिवशी संध्याकाळी मॅडमच्या केबिनबाहेर रडून व्हायचं आणि प्रकरण मिटायचं.

कोमलचं मिटलं नाही.

कोमल अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातली. बापाची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. उंच, हाडकुळी पोरगी, पण आवाज असा की वॉर्डाच्या या टोकावरून हाक मारली तर त्या टोकाचा पेशंट दचकायचा. मेंढरांमागं फिरून कमावलेला आवाज तो. मी तिला सारखी सांगायची, "अगं हळू, ही माणसं आजारी आहेत, बहिरी नाहीत." ती हसायची आणि पुढचं वाक्यही तेवढ्याच जोरात बोलायची. घरच्यांचं तिच्याशी एकच ठरलेलं होतं. शिकते तोवर शिकू दे, शाळा सुटली की लगेच लगीन. त्यामुळं शाळा सुटू द्यायची नाही, एवढंच तिचं चाललेलं.

बायकांच्या सर्जिकल वॉर्डात तेव्हा एक गोदाकाकू होत्या. हर्नियाचं ऑपरेशन व्हायचं होतं, पण अंगात रक्त कमी, म्हणून रोज उद्यावर जायचं. मुलगा एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात होता. ड्युटी सुटल्यावर यायचा, डबा ठेवायचा आणि उभ्याउभ्या निघायचा. त्याला तरी काय बोलणार, त्याची रोजी बुडाली असती. काकू दिवसभर दाराकडं बघत पडून राहायच्या. एका सकाळी त्यांना रडू आवरेना. कोमल बीपी बघायला गेली तर म्हातारीनं तिचा हातच धरला, म्हणाली, "बस ना माय जरा." आणि कोमल बसली. कॉटवर बसली.

बाहेरच्यांना यात काही वाटणार नाही. पण आमच्या कामात पेशंटच्या कॉटवर नर्सनं कधीच बसायचं नसतं. आपल्या कपड्यांवरचे जंतू त्याच्या चादरीवर, त्याचे आपल्यामार्फत पुढच्या पेशंटकडं. कॉट हलली तर टाके दुखतात ते वेगळंच. नियम बिलकुल योग्य आहे आणि पहिल्याच आठवड्यात मीच तो शिकवायची. नेमक्या त्याच वेळी मोठ्या मॅडम राउंडला आल्या.

"ऊठ! बापाची बाज आहे का ही?"

कोमल उठली. तिनं "चुकलं" म्हणून टाकलं असतं तर संपलं असतं. पण ती तिच्या त्या आवाजात म्हणाली, "मॅडम, त्या रडून राह्यल्या होत्या. त्यांनीच बस म्हटलं." अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. झालं, बोलणं बंद.

पहिल्या दिवशी मला वाटलं, रात्रीपर्यंत मागेल माफी. दुसऱ्या दिवशी मी तिला डेमो रूममध्ये बोलावून घेतलं. ट्यूटरला बोलायची बंदी नव्हती, पण मॅडमच्या डोळ्यांसमोर कोण बोलणार? म्हटलं, "कोमल, मागून टाक ना गं माफी. दोन शब्दांनी काय झिजतं?"

"बसले ते चुकलं मॅडम, ते मी म्हणते," ती म्हणाली. "पण त्या म्हणत्यात, लिहून दे की मी उद्धट हाये. मी उद्धट न्हाई. मी खरं तेच सांगितलं."

तिचा आवाज उतरला होता. एवढी दणकट पोरगी, पण हळूहळू बोलत होती. जाताना म्हणाली, "मॅडम, खोलीत गेले की पोरी गप होत्यात. मला वाटतं आपण मेलो का काय." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

ते दिवस वाढत गेले. कोमलनं मग वर बघणंच सोडलं. कुणी बोलणार नाही हे ठाऊक असलं की माणूस तोंडाकडं तरी कशाला बघेल? ती यायची, खाली मान घालून नेमलेलं काम करायची आणि जायची.

आता आमच्या कामातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पेशंटचं सगळं कागदावर असतं हे खरं, पण वॉर्ड चालतो तो तोंडानं. एकीची ड्युटी संपताना ती दुसरीला प्रत्येक कॉटपाशी नेऊन सांगते की हिला ताप आहे, हिचं सलाईन संपत आलंय, हिला काही खायला देऊ नका. याला आम्ही 'ओव्हर' म्हणतो. मधेच काही बदललं तरी असंच तोंडी एकीकडून दुसरीकडं जातं. कागद मागून येतो.

त्या सकाळी ऑपरेशनच्या यादीतला एक पेशंट ऐनवेळी रद्द झाला आणि रक्त चढवून तयार झालेल्या गोदाकाकूंचा नंबर लागला. थिएटरमधून फोन आला की काकूंना तोंडानं काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. पोटातलं भुलीत वर आलं आणि फुप्फुसात गेलं तर माणूस टेबलावरच जातो. फोन घेतला कोमलच्याच बॅचमधल्या एका पोरीनं. तिनं जल्दी जल्दी जाऊन मावशींना सांगितलं, बाकीच्या पोरींना सांगितलं. तेवढ्यात कोमल चहाचा कप आणि बिस्किटं घेऊन काकूंच्या कॉटकडं निघालेली. आणि वॉर्डाच्या मधोमध मोठ्या मॅडम उभ्या.

ती पोरगी पुढं गेली आणि थांबली. तिनं कोमलकडं डोळे मोठे करून बघितलं, मान हलवली, घसा खाकरला. नंतर माझ्यापाशी रडत म्हणाली, "मी डोळ्यानं लय सांगितलं मॅडम, तिनं वर बघितलंच न्हाई." एक "नको" म्हणायचं होतं. तेवढं म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

मी त्या वेळी पुरुषांच्या वॉर्डात होते. काकूंना स्ट्रेचरवरून थिएटरमध्ये नेलं. सुदैव असं की भूल देणारे डॉक्टर जुने, कागदावर विश्वास न ठेवणारे. त्यांनी विचारलं, "आजी, सकाळपासून काही खाल्लं?" काकूंना वाटलं, कोमलचं कौतुक करायची हीच संधी.

"खाल्लं की! ती उंच पोरगी हाये ना, लय गुणाची. बिस्कुट भिजवून भिजवून खाऊ घातलं तिनं. कुणी तिच्याशी बोलत न्हाई बापा, तुम्ही तरी सांगा त्यांना."

ऑपरेशन थांबलं आणि म्हातारी वाचली. पण वॉर्डात आग लागली. तोंडानं बंद असलेल्या पेशंटला विद्यार्थिनीनं चहा पाजला! दोन दिवसांत मीटिंग बसली. सर्जन सर, वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर, मोठ्या मॅडम आणि आम्ही सगळ्या ट्यूटर. कोमलचं नाव शाळेतून काढायचं, हे मीटिंगच्या आधीच ठरलेलं दिसत होतं. तिच्या बापाला फोन करून बोलावलेलं. तो मेंढरं भावावर सोडून आल्ता, बाहेरच्या बाकावर बसला होता. मी आत जाताना उठून उभा राहिला.

"मॅडम, पोरीनं कुणाला मारलं का?"

"नाही हो. कुणी मेलेलं नाही."

"मंग काय ते एकदाचं सांगा. नेतो घरी. सोयरीक तयारच हाये." त्याच्या शेजारी कोमल उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी तिची मान वर होती.

मीटिंगमध्ये मॅडमनी निष्काळजीपणा, उद्धटपणा असं सगळं वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना हलवल्या. माझा स्वभाव काही फार धीट नाही. भांडण दिसलं की मी रस्ता बदलणारी बाई. पण बाहेर ती पोरगी उभी होती.

मी म्हटलं, "एक विचारू का? काकूंना काही द्यायचं नाही, हे कोमलला कुणी सांगितलं?"

इनचार्ज सिस्टर मोठ्या मॅडमकडं बघायला लागल्या.

"सगळ्या वॉर्डाला सांगितलं. मावशींना सांगितलं. कोमलला का नाही सांगितलं?" मी मॅडमकडं पाहिलं. "कारण तिच्याशी बोलायला मनाई होती. आणि मनाई तुमची होती, मॅडम. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका."

म्हण जरा जास्तच झाली हे तोंडातून निघाल्याबरोबर कळलं. सर्जन सर पुढं वाकले. "म्हणजे माझ्या वॉर्डात एक मुलगी ड्युटी करत होती आणि तिच्याशी कोणीच बोलत नव्हतं?"

"हो सर."

"आणि हे सगळ्यांना माहीत होतं?"

"पेशंटलासुद्धा माहीत होतं सर."

सरांनी पेनला टोपण लावलं. "हे परत झालं तर तुमच्या मुली माझ्या वॉर्डात पाठवू नका." एवढं बोलून ते निघून गेले. कोमलचं नाव राहिलं. तिचा बाप संध्याकाळच्या एसटीनं एकटाच परत गेला. बोलणं बंद ही शिक्षाही आमच्या शाळेतून गेली, म्हणजे पोरींपुरती गेली.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन स्टाफरूममध्ये शिरले आणि सगळ्या गप झाल्या. कुणी काही ठरवलं असेल असं नाही. मॅडमच्या नजरेतून उतरलेल्या बाईशेजारी बसून कोण जेवणार? मी विचारलं, "आज काय भाजी?" तर एकीनं डब्याला झाकण लावलं. मी काही दिवस तशीच बसले, घास गिळले. मग एक दिवस डबा उचलला आणि डेमो रूममध्ये गेले. मालनबाईला म्हटलं, "सरक."

कामापुरतं सगळ्या बोलायच्या. टाइमटेबल, परीक्षा, रजा, सगळं व्यवस्थित. पण माझी आई गेली तेव्हा मी सुट्टीवरून परतले, तर कशानं गेली हे कुणी विचारलं नाही. ते मी मालनबाईला सांगितलं. वेड लागलं म्हणा हवं तर. कोमललाही मीच बजावून ठेवलं होतं की माझ्या जवळपास दिसू नको, तुझी अजून परीक्षा व्हायची आहे. पोरगी शहाणी, तिनं ऐकलं. पास झाली, नोकरीला लागली, निघून गेली. तिनं थोडं कमी ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढं फार वाटायचं.

मोठ्या मॅडम माझ्या आधी निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना भेटत भेटत माझ्यापुढं आल्या. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "तुमच्या पदराची पिन निघालीय." आणि स्वतःच्या हातानं ती लावून दिली. हात तोच, सुई कुठं टोचली ते कळू न देणारा.

मीही निवृत्त झाले त्याला आता काही वर्षं झाली. लग्न केलं नाही, भाऊ पुण्याला असतो. परवा पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशनसाठी जालन्यातल्याच एका दवाखान्यात दाखल झाले. "सोबत कोण आहे?" दाखल करून घेणाऱ्या सिस्टरनं विचारलं. शेजारीण आली होती, तिनं सही केली आणि तिची भाकरी राहिली होती म्हणून गेली. भाऊ म्हणाला, येतो, पण परवा.

ड्युटी बदलताना पोरी माझ्या कॉटपाशी ओव्हर द्यायला आल्या. मी कान देऊन ऐकत होते, सवय जात नाही. सगळं सांगून झाल्यावर त्यातली एक माझ्याकडं वळली. "काकू, उद्या सकाळपासून चहा नाही, पाणी नाही. काय सांगितलं मी, सांगा बरं?" पेशंटलाही ओव्हर! आमच्या वेळी हे नव्हतं. मी शाळकरी पोरीसारखं म्हणून दाखवलं.

मग भेटायची वेळ झाली. प्रत्येक कॉटभोवती माणसं जमली. डबे उघडले, लेकरं पळायला लागली, कुणाचं कुणाशी भांडणही झालं. माझ्या कॉटपाशी कुणी नव्हतं. मी दाराकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि दाराकडं बघत राहिले. मघाची ती पोरगी नाडी बघायला आली. सावळी, नाजूक, नाव साक्षी. नाडी मोजून झाली तरी मी हात सोडला नाही.

"बस ना जरा," मी म्हटलं आणि कॉटची कड थोपटली. मी! सगळी नोकरी ज्या कॉटवर एका पोरीला बसू दिलं नाही, त्या कॉटवर.

ती मागं सरली. "नाही काकू, बेडवर बसता येत नाही आम्हाला."

"बराबर आहे," मी म्हटलं. खरंच बराबर होतं. तरी तोंड भिंतीकडं केलं, कारण डोळे भरून आले होते.

मागं फरशीवर काहीतरी घासत आल्याचा आवाज झाला. वळून बघते तर तिनं कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल ओढून आणलेलं. कॉटशेजारी ठेवलं आणि बसली. "आमच्या मॅडमनी सांगितलंय," ती म्हणाली, "भेटायच्या वेळेत ज्या पेशंटपाशी कुणी नसंल, तिथं स्टूल घेऊन बसायचं. बेडवर न्हाई, पण बसायचं."

"कोण मॅडम तुमच्या?"

"कोमल मॅडम. आवाज लय मोठा हाये त्यांचा," ती हळूच म्हणाली आणि हसली. हसायच्या आधी तिनं मान वळवून मागं पाहिलं नाही.

मी कोण, ते मी तिला सांगितलं नाही. मी ट्यूटर होते असं म्हटलं असतं, तर पोरगी ताडकन उभी राहिली असती.

ती गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती, नवीन होती, तिला सुचेना. "काय बोलू काकू?"

"काहीही बोल गं," मी म्हटलं. "फक्त बोल."

मग तिनं तिच्या घरच्या म्हशीचं सांगायला घेतलं, ती म्हणे धार काढताना फक्त तिच्या आजीलाच उभी राहते. घंटा होईपर्यंत ती सांगत होती, आणि घंटा होईपर्यंत माझ्याही कॉटपाशी कुणीतरी भेटायला आलेलं होतं.